एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नंतर तरुणांच्या व्यसनमुक्तीवर संशोधन करून पोट भरतं का? (मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा)

भरतं, पण सावकाश. पहिली काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकरीत जातात. अनुदान संपलं की परत अर्ज. पीएचडीसाठी जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर जीव भांड्यात पडतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत व्यसनांवर स्वतंत्र विभाग आहे, तिथं नजर ठेवा.

खरी मजा कामात आहे. आपल्याकडं निपाणीच्या बाजूला तंबाखू हे पीकही आणि घरबसल्या बिड्या वळणाऱ्या बायकांची मजुरीही. आईच्या सुपात तंबाखू बघत वाढलेल्या पोराला ‘तंबाखू वाईट’ म्हणून काय सांगणार? 2003 चा केंद्रीय कायदा शाळेपासून 100 यार्डांत विक्री नको म्हणतो. टेप घेऊन टपरीपर्यंत मोजून बघा एकदा.

आणि सडलेल्या फुफ्फुसाचे फोटो दाखवणारं व्याख्यान विसरा. अमेरिकेत पोलिसांनी शाळेत जाऊन शिकवायचा ‘डेअर’ कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला, तपासल्यावर व्यसनावर फारसा फरक दिसला नाही. त्यापेक्षा दोस्तानं पुडी पुढं केली तर नाही कसं म्हणायचं, याचा सराव जास्त उपयोगी ठरलाय.

‘तू खातोस का?’ विचारलं की सगळी पोरं ‘नाही सर’. ‘वर्गात किती जण खातात?’ म्हटलं की बोटं मोजायला लागतात. (मास्तर बाहेर गेल्यावर हं.) प्रश्नावली आणि पालकांचं संमतीपत्र मराठी-कन्नड दोन्हीत करा. कन्नड येत नसेल तर आजच सुरुवात करा. बेळगावात हे काम एका भाषेवर होत नाही.