कॅनिबल कॉर्प्सचा 'केऑस हॉरिफिक' मला आधीच्या अल्बमसारखाच वाटतो. तरी जुने चाहते एवढे खूश का?

सगळे जुने चाहते खूश आहेत, हेच मुळात खरं नाही. आमच्या कोल्हापुरात या अमेरिकन बँडचं डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या गळ्याचं जड, दणकट गिटार-संगीत, ऐकणारे मोजकेच, त्यातले आम्ही काही जण राजारामपुरीत चहाला जमतो. सप्टेंबर 2023 मध्ये हा अल्बम आला तेव्हा एवढ्याशा टोळक्यातसुद्धा दोघांचं एकमत झालं नाही.

आमच्यातला वयानं मोठा गडी बार्न्सभक्त. मूळ गायक ख्रिस बार्न्स 1995 मध्ये बाहेर पडला आणि याच्या लेखी बँड तिथंच संपला. जॉर्ज फिशर, म्हणजे कॉर्प्सग्राइंडर, 1996 च्या 'व्हाइल'पासून गातोय. बार्न्सच्या कितीतरी पट जास्त वर्षं झाली, पण आमचा गडी अजून त्याला 'तो नवीन पोरगा' म्हणतो. नवीन अल्बम त्यानं अर्धाच ऐकला आणि मत मात्र पूर्ण दिलं. असे लोक सगळीकडे असतात, त्यांना सोडून द्या.

दुसरा स्वतः गिटार वाजवतो, आणि त्याच्या तक्रारीत दम आहे. त्याला पॅट ओब्रायनची आठवण येते. 1998 च्या 'गॅलरी ऑफ सुइसाइड'पासून 2017 च्या 'रेड बिफोर ब्लॅक'पर्यंत ओब्रायन या बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याचे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, वाकडेतिकडे, बोटांना घाम फोडणारे. पुढचा सूर कुठं पडणार याचा अंदाज लागायचा नाही. त्याच्या जागी एरिक रुटन आला. आधी 2019 मध्ये फक्त कार्यक्रमांपुरता, मग 2021 च्या 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड'पासून कायमचा. रुटन म्हणजे मॉर्बिड एंजल या बँडमध्ये वाजवलेला, हेट इटर्नल या बँडचा म्होरक्या, काय विषयच नाही. पण त्याची गिटार सरळ अंगावर येते. ओब्रायनसारखी गल्लीबोळातून फिरवून आणत नाही. आमच्या गिटारवाल्याला तेच खटकतं.

तिसऱ्याचं मत मला सगळ्यात आवडलं. तो हलगी वाजवतो, मिरवणुकीत आणि कुस्तीच्या मैदानातही. त्याला गिटारशी काही देणंघेणं नाही, तो फक्त ड्रम ऐकतो. या बँडच्या पॉल माझुरकिविचला बरेच चाहते साधा, ठोकळेबाज ड्रमर म्हणून हिणवतात. आजकालच्या बँडांमधली पोरं त्याच्यापेक्षा कितीतरी वेगानं वाजवतात हेही खरं आहे. हलगीवाल्याचं म्हणणं असं, की हात किती पळतो याला मैदानात कोणी विचारत नाही. दोन पैलवान नुसते एकमेकांचा अंदाज घेत असतात तेव्हा ठेका दाबून धरायचा आणि पकड बसली की सोडायचा, हे कळायला पाहिजे. त्यानं आम्हाला याच अल्बममधलं 'ब्लड ब्लाइंड' लावून दाखवलं. गाणं मध्यम लयीतलं आहे, आणि माझुरकिविच त्यात कुठंही घाई करत नाही. गिटार पुढं खेचत असताना तो मागं रेलून बसल्यासारखा वाजवतो. आधी यातल्याच 'ओव्हरलॉर्ड्स ऑफ व्हायलन्स'चा धडाका ऐकला असेल तर हा फरक जास्त जाणवतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, सगळं सारखंच वाटण्याचा. तुम्ही हे कशावर ऐकता? मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर सारखंच वाटणार. या संगीतात गिटारच्या तारा मुद्दाम उतरवून लावलेल्या असतात, आणि बेस त्याच्याही खाली. बारका स्पीकर खालचं सगळं खाऊन टाकतो. उरतो तो गुरगुरणारा गळा आणि ड्रमचा खडखडाट. या दोन गोष्टी 1996 पासून फारशा बदललेल्याच नाहीत, कारण माणसं तीच आहेत. बदल झालाय तो नेमका खालच्या पट्ट्यात. मी उद्यमनगरात दिवसभर लेथजवळ उभा असतो, त्यामुळे कानाचे आधीच हाल झालेत; तरीसुद्धा बरे हेडफोन लावल्यावर अ‍ॅलेक्स वेबस्टरचा बेस वेगळा काढून ऐकू येतो. हा माणूस पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि तेही गिटारच्या वेगाला वेग देत. तो आणि माझुरकिविच हे दोघंच 1988 मध्ये बफेलोत बँड सुरू झाला तेव्हापासून आजपर्यंत टिकलेत. 'हॅमर स्मॅश्ड फेस' या त्यांच्या जुन्या गाण्यात मधेच सगळे थांबतात आणि बेस एकटा बोलतो, ती जागा आधी ऐका. एकदा कान तिथं बसला की बाकीच्या अल्बममध्ये त्याला आपोआप शोधाल.

दुसरं म्हणजे, या बँडमध्ये सगळी गाणी एकच माणूस रचत नाही. वेबस्टर, दुसरा गिटारवाला रॉब बॅरेट, रुटन, जो तो आपापली गाणी घेऊन येतो. 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड'मधली 'कंडेम्नेशन कंटेजन' आणि 'ओव्हरटॉर्चर' ही रुटनची. ती ऐकून लगेच 'रेड बिफोर ब्लॅक'मधलं काहीही लावा. दोन्ही अल्बमचा निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंग घडवणारा, रुटनच, त्यामुळे आवाजाची घडण जवळची आहे, पण रचनेतला हात वेगळा आहे हे मला तरी लगेच कळतं. जुने चाहते खूश आहेत ते या असल्या फरकांवर. आमच्या गावाला शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आणून ठेवल्यापासून घराण्याची गायकी म्हणजे काय ते माहीत आहे. तोच राग पुन्हा का गायला, असं तिथं कोणी विचारत नाही. यावेळी बढत कशी केली ते बघतात. इथंही ऐकणाऱ्याची भूक तसलीच आहे.

याचा अर्थ अल्बम निर्दोष आहे असा नाही. माझ्या मते 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड' यापेक्षा वरचढ आहे. तिथं रुटन नवा होता आणि बँडला नवा जोर मिळाल्यासारखा वाटत होता. इथं तो रुळलाय. दहा गाणी आहेत, लांबीही आटोपशीर आहे, पण उत्तरार्धात मला दोन गाण्यांच्या मधली सीमा हरवल्यासारखी वाटते. शिवाय सगळं इतक्या जोरात मिक्स केलंय की कानाला श्वास घ्यायला जागा नाही. हा आरोप बरेच जण करतात आणि तो मला पटतो. 'पिचफोर्क इम्पेलमेंट'सारखी नावं वाचून मात्र बिचकू नका. शब्द भयपटातले आहेत, आणि गाताना ते तसेही कोणाला कळत नाहीत.

तुम्हाला सुरुवातच करायची असेल तर या अल्बमपासून नका करू. 1992 चा 'टूम ऑफ द म्युटिलेटेड', मग 2006 चा 'किल', मग 2021 चा, आणि त्यानंतर हा. 'किल' हा रुटननं निर्मिती केलेला त्यांचा पहिला अल्बम, म्हणून तो मधे हवाच. एवढं करूनही सारखंच वाटलं तर बँड बदला. इमोलेशन ऐका, किंवा आपल्या मुंबईचे गट्सलिट.