१४ वर्षांच्या मुलीने ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचाव्यात का?

प्रश्न: माझी भाची १४ वर्षांची आहे. सुट्टीभर ‘एरागॉन’ मालिका घेऊन बसली आहे. अशा पुस्तकांनी भाषा सुधारते, की नुसता वेळ जातो?

उत्तर:

वाचू द्या. पुस्तक हातातून काढून मात्र घेऊ नका. माझ्या हातातून घेतलं होतं, म्हणून इतक्या ठामपणे लिहिते आहे.

मी पंधरा वर्षांची होते. मेची सुट्टी, वाईला आजोळी. मामा शाळेत संस्कृत शिकवायचा आणि सुट्टीत माझं दहावीचं संस्कृत पुढचं पुढचं करून घ्यायचा. सकाळी समास, दुपारी मोकळीक. दुपारी मी झोपाळ्यावर बसून मालिकेतलं दुसरं पुस्तक, ‘एल्डेस्ट’, वाचत असे. एकदा मामाने ते उचललं, मुखपृष्ठावरचा लाल ड्रॅगन बघितला आणि म्हणाला, “पंख फुटलेल्या पाली वाचतेस? घरात काय काय पुस्तकं आहेत, त्यांना कधी हात लावलास?” पुस्तक कपाटात गेलं, किल्ली त्याच्या जानव्याला.

मी नेमकी कुठे अडकले होते ते सांगते. या मालिकेत जादू एका प्राचीन भाषेतून होते. त्या भाषेत खोटं बोलता येत नाही. पण खरंच बोलून दिशाभूल करता येते, आणि एल्फ, म्हणजे त्या जगातली माणसांसारखी दिसणारी जादूगार जमात, त्यात तरबेज असतात. पहिल्या पुस्तकात नायक एरागॉन एका अनाथ तान्ह्या मुलीला, एल्वाला, आशीर्वाद देतो. त्याला म्हणायचं असतं, तुझं दुर्दैवापासून रक्षण होवो. दुसऱ्या पुस्तकात त्याचा गुरू ओरोमिस त्याला सांगतो की तू ‘स्कोलिरो’ऐवजी ‘स्कोलिर’ म्हणालास. म्हणजे ‘रक्षण झालेली’च्या जागी ‘ढाल’. तू त्या मुलीला ढाल करून ठेवलंस. आता आसपासच्या प्रत्येकाचं दुःख तिला आधी कळणार, आणि ते स्वतःवर घेतल्याशिवाय तिची सुटका नाही. काही महिन्यांतच ती चारपाच वर्षांची दिसू लागते, आणि बोलते मोठ्या बाईच्या आवाजात.

आणि इथे पुस्तक कपाटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने तत्पुरुष आणि बहुव्रीहीतला फरक सांगायला इंद्रशत्रूची गोष्ट काढली. इंद्राने त्वष्ट्याच्या, म्हणजे देवांच्या कारागिराच्या, मुलाला मारलं, म्हणून इंद्राला मारणारा मुलगा मिळावा यासाठी त्वष्ट्याने यज्ञ मांडला. मंत्र होता ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’, म्हणजे ‘इंद्रशत्रू, तू वाढ’. हवा होता ‘इंद्राला मारणारा’, म्हणजे तत्पुरुष, उच्चाराचा आघात शेवटच्या अक्षरावर. आघात पडला पहिल्या अक्षरावर, समास झाला बहुव्रीही, आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो’. यज्ञातून वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने व्याकरण का शिकावं हे सांगताना महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या, अगदी सुरुवातीलाच हा दाखला दिला आहे.

मी उडालेच. म्हटलं, मामा, कालच्या पुस्तकात हेच आहे! आणि वृत्राला ऋग्वेदात अही म्हणतात हे तूच शिकवलंस, म्हणजे सापही आलाच की त्यात.

तो भयंकर चिडला. वेदातली गोष्ट कुठे आणि अमेरिकेतल्या पोराने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली गोष्ट कुठे. मग शांत झाल्यावर जे बोलला ते मात्र मला लागलं. “स वाग्वज्रो यजमानं हिनस्ति. चुकीचा शब्द वज्र होऊन यजमानालाच, यज्ञ करणाऱ्यालाच, मारतो. त्वष्ट्याची चूक त्वष्ट्याला भोवली. तुझ्या त्या नायकाचं काय वाकडं झालं? मग ही गोष्ट कसली?”

पंधराव्या वर्षी मला उत्तर सुचलं नाही. आज आहे.

मामा, तेच तर त्या गोष्टीचं मोठेपण आहे. शब्द मोठ्याचा चुकला आणि भोगते आहे पाळण्यातली मुलगी, जिला कुणी विचारलंच नव्हतं. जगात बहुतेक वेळा असंच होतं. मी आता करारांची भाषांतरं करते. ‘दुरुस्ती करून द्यावी’ आणि ‘दुरुस्ती करून घ्यावी’, एवढ्याशा फरकाने खर्च एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि लिहिणाऱ्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. आपल्याकडचा ‘ध चा मा’ सांगतात तो मुद्दाम केलेला, त्यामुळे तिथे दोष कुणाचा हे ठरवणं सोपं. इथे नायकाच्या मनात चांगलंच होतं. तरीही मुलीचं आयुष्य गेलं ते गेलंच.

राजकारणही इथूनच सुरू होतं. शापित एल्वा दुष्ट राजाविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांची नेता नासुआदा हिच्याजवळ राहते आणि येणारा धोका आधी सांगते, म्हणजे त्या मुलीचं दुखणं बंडाच्या कामाला येतं. नासुआदा वाईट नाही. आधीचे नेते असलेले तिचे वडील गेल्यावर बंडखोरांच्या मंडळातल्या बुजुर्गांना ती आपल्या मुठीत हवी असते, आणि ती त्यांना पुरून उरते. सैन्याचा खर्च भागवायला जादूगारांकडून लेस विणून घेऊन बाजारात स्वस्तात विकते. तलवारीच्या कादंबरीत असा हिशेब मी आधी वाचला नव्हता. अशा चांगल्या नेत्यालाही एल्वा उपयोगी पडते, हे चौदाव्या वर्षी कळलेलं बरं. तिसऱ्या पुस्तकात, ‘ब्रिसिंगर’मध्ये, एरागॉन शाप उतरवायला बसतो. सक्ती जाते, पण दुसऱ्याचं दुःख जाणण्याची शक्ती एल्वा स्वतः ठेवून घेते. तिच्या बाबतीत तिने स्वतः ठरवलेली ही पहिली गोष्ट. चूक केली त्याने निस्तरायला यावं, आणि किती निस्तरायचं हे मात्र भोगणाऱ्याने ठरवावं, हे मला मामाच्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट सापडलं नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिलं पुस्तक कच्चं आहे. शेतावरचा पोर, म्हातारा गुरू, दुष्ट राजा, हे सगळं ओळखीचं वाटेल. वर्णनं लांबतात. त्यात एका गावात प्रेतांचा ढीग आहे आणि त्यात तान्हं मूलही आहे, तेव्हा दहाबारा वर्षांच्या मुलांना मी देणार नाही. २००६ च्या सिनेमावरून पुस्तकाबद्दल मत करू नका. आणि मामाने शिकवलेले समास नसते तर स्कोलिर-स्कोलिरोपाशी मी थांबलेही नसते, हेही तितकंच खरं.

भाषेचं म्हणाल, तर इंग्रजी वाढेल, मराठी आपोआप वाढणार नाही. भाची ‘ब्रिसिंगर’पर्यंत पोहोचली की एल्वाचं काय झालं ते तिला मराठीत सांगायला लावा, आणि ‘ढाल हो’ व ‘रक्षण होवो’ यांत फरक काय ते विचारा. ती सांगत असताना मध्ये बोलू नका.