पंप लावलास, पण पेन कुठंय?

बाळा,

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तुझ्या डायबेटिससाठी इन्सुलिनचा पंप बसवून आठवडा झाला, पुढच्या महिन्यात तू पुण्याला हॉस्टेलवर जाणार. "ताई, आता काळजी मिटली ना?" असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं, कारण तिला तेव्हा तेच ऐकायचं होतं. तुला मात्र खरं लिहिते.

पंपात लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन नसतं. इन्सुलिनच्या पेनवर (इंजेक्शनवर) होतीस तेव्हा रात्रीचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगात असायचं. दुपारचं एखादं चुकलं तरी तेवढा आधार होता. पंप थेंबथेंब देतो ते जलद इन्सुलिन, तीन-चार तासांत संपणारं. नळी अडली की अंगात शिल्लक काही नाही, आणि काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसताना रक्तात साठणारी आम्लं, वाढायला लागतात.

मला हे समजलं ते सांगलीला, चुलत बहिणीच्या लग्नात. मीही पंपवालीच. सकाळी घाईघाईत सेट (पंपाची नळी आणि कातडीखाली जाणारी बारीक कॅन्युला) बदलला आणि वर शालू नेसले. पंगतीच्या आधी शुगर २४०. म्हटलं, धावपळीनं असेल. बोलस दिला, म्हणजे बटण दाबून पंपातून जादा डोस घेतला. जिलबीला हातही लावला नाही, तरी ३१०. परत बोलस. पंप गप्प, अलार्म नाही की काही नाही. तिसऱ्यांदा बटण दाबताना मळमळायला लागलं. तेव्हा कुठे कार्यालयाच्या बाथरूममध्ये निऱ्या सोडून सेट उपसला. कॅन्युला मधोमध दुमडलेली, चिकटपट्टी ओली आणि तिला इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास. पेन घरी, कपाटात!

पर्समध्ये इन्सुलिनची बाटली होती, म्हणून मेव्हणे धावत मेडिकलमधून सिरिंज घेऊन आले. लाल टोपणाची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. आपलं पंपाचं इन्सुलिन १०० चं. त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात २५ युनिट गेले असते. त्यांना परत पाठवलं, केशरी टोपणाची आणायला. बिचारे वरपक्षाला सोडून दोनदा धावले.

तेव्हापासून माझा नियम असा: कारण कळत नसताना शुगर २५० च्या वर गेली तर पंपानं करेक्शन (शुगर उतरवायचा डोस) एकदाच. दीड-दोन तासांत उतरली नाही तर पुढचा डोस पेननं किंवा सिरिंजनं, सेट नवा, आणि कीटोन तपासायचे. उलट्या लागल्या तर सरळ दवाखाना. तुझे आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे.

दंडावरच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचं वेगळंच. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर लो (फार कमी) झाल्यावर तीन चमचे ग्लुकोज पावडर घेतलीस तरी स्क्रीनवर ५८ च दिसणार. तेवढ्यात घाबरून बिस्किटाचा पुडा संपवशील आणि तासाभरात २८० वर जाशील. पंधरा मिनिटं थांब, बोटातून तपास, मग ठरव. रात्री तीनला शुगर लो झाल्याचा अलार्म वाजला आणि दंडावरचा सेन्सर अंगाखाली दाबला गेलेला असेल, तर आकडा खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून कूस बदल. पण खात्री बोटातूनच कर.

आता आई. तिच्या मोबाइलवर तुझा ग्राफ दिसतो, म्हणजे लेक्चरमध्ये ६९ झाली की तिचा फोन येणार. चिडू नकोस, जाण्याआधीच ठरवून टाका: ५५ च्या खाली गेली आणि दहा मिनिटांत मेसेजला उत्तर आलं नाही तरच फोन. "दुपारी काय खाल्लंस?" हा प्रश्न रविवारी एकदाच. शुगर ७० ते १८० मध्ये राहून दिवसाचा ७० टक्के वेळ गेला तर आपले डॉक्टरही खूश असतात. डायबेटिसवाल्यांच्या ग्रुपवर शंभर टक्क्यांचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांकडे मी तरी बघत नाही. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी खाल्ली होती का, ते विचार. पुरणपोळीची साखर आधी चढते आणि तुपामुळे नंतर पुन्हा, म्हणून तिच्यासाठी पंपातला लांबवलेला (एकदम न देता हळूहळू जाणारा) बोलस शिकून घे. त्या एका सोयीसाठी मला पंप आवडतो.

केशरी टोपणाच्या सिरिंजचं पाकीट आईकडे दिलंय. दोन सॅकमध्ये ठेव, दोन रूममेटच्या कपाटात, आणि ग्लुकोजचा डबा कुठे असतो ते रूममेटला पहिल्याच दिवशी दाखव.

तुझी,
मावशी