पॅच टाकला तरी ओपनएसएसएच ८.९पी१ च दिसतं, मग पॅच लागला की नाही?

तुमची अडचण मला अशी समजली: ऑफिसच्या उबंटू २२.०४ सर्व्हरवर ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायचा, म्हणजे एसएसएचचा प्रोग्रॅम) मधल्या 'रिग्रेशन' या सुरक्षेच्या भोकासाठी (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७) अपडेट मारलं, तरी आवृत्ती ८.९पी१ च दिसते, ऑडिटचा स्कॅनर अजून लाल आहे, आणि सर्व्हर दुसऱ्या शहरात असल्यामुळे एसएसएच रीस्टार्ट करायचा धीर होत नाही.

पॅच बहुतेक लागलेला आहे. मूळ ओपनएसएसएचने दुरुस्ती ९.८पी१ मध्ये दिली, १ जुलै २०२४ ला. उबंटू मात्र चालू रिलीजमध्ये आख्खी नवी आवृत्ती आणत नाही, फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीत बसवतं. म्हणून ८.९पी१ तसंच राहतं आणि मागचं शेपूट बदलतं. तुमच्यासाठी बघायचं शेपूट आहे ८.९पी१-३उबंटू०.१०. इथे ०.१० हा दशांश नाही, 'दहावं' असं वाचा. ०.७ त्याच्या आधीचं. दहावं किंवा त्यापुढचं असेल तर तुम्ही सुरक्षित आहात.

हे 'एसएसएच -व्ही' ने बघू नका, ते क्लायंटचं पॅकेज सांगतं. 'डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर' चालवा (एल लहान लिपीतला). पॅकेजच्या चेंजलॉगमध्येही (बदलांच्या यादीत) हा सीव्हीई क्रमांक नावानिशी सापडेल.

अपडेट झालंच नसेल तर मात्र उद्यावर टाकू नका. सर्व्हर लॉगिनसाठी १२० सेकंद थांबतो. तेवढ्यात समोरचा आत आला नाही, तर अलार्मचा सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम हातातलं काम अर्धवट सोडून तो सिग्नल हाताळायला धावतो. तिथे लॉगची ओळ लिहिली जायची, आणि ग्लिबसीमध्ये (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) त्यासाठी मेमरी मागावी लागते. सोडलेलं काम नेमकं मेमरीच्या वाटपाचंच असेल, तर एकजण खातेवहीत अर्धी नोंद करत असताना दुसऱ्याने त्याच पानावर लिहायला घ्यावं तसं होतं. हिशेब बिघडतो, आणि तो कसा बिघडेल हे हल्लेखोर ठरवू शकतो. तेही लॉगिनच्या आधी आणि रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने. हे भोक शोधणाऱ्या क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ३२-बिट मशीनवर ही वेळ साधायला सरासरी १०,००० प्रयत्न लागले, आणि रूट मिळेपर्यंत सरासरी सहा ते आठ तास. ६४-बिटवर त्यांनी हल्ला करून दाखवला नव्हता, पण तो अशक्य आहे असंही म्हटलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की हीच चूक २००६ मध्ये एकदा बुजवली होती. ऑक्टोबर २०२० च्या एका बदलात ते संरक्षण चुकून निघालं आणि ८.५पी१ पासून भोक पुन्हा उघडं पडलं.

आता रीस्टार्ट, म्हणजे चालू असलेला जुना प्रोग्रॅम थांबून दुरुस्त केलेला सुरू होईल. तुमची भीती मला कळते. मी एकदा पोर्ट बदलून सेवा रीस्टार्ट केली, फायरवॉलमध्ये नवा पोर्ट उघडायचा राहिला होता, आणि रात्री दीडला डेटासेंटरच्या माणसाला उठवावं लागलं. दुसरं सेशन उघडं ठेवलं असतं तर ती वेळ आली नसती. उबंटूवर एसएसएच रीस्टार्ट केल्याने चालू सेशन तुटत नाही, कारण सिस्टीमडी (सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) फक्त मुख्य प्रोसेस थांबवतो. तेव्हा दोन टर्मिनलमधून आत जा. एकात 'सुडो एसएसएचडी -टी' चालवा (टी लहान लिपीतला), काहीच छापलं नाही म्हणजे कॉन्फिग ठीक. मग रीस्टार्ट करा, आणि ही दोन्ही तशीच ठेवून तिसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून बघा. ते जमल्याशिवाय पहिली दोन बंद करू नका. 'सिस्टीमसीटीएल स्टेटस एसएसएच' मध्ये सेवा सुरू झाल्याची वेळ आत्ताची दिसली पाहिजे.

त्या जुलैत घाईघाईने कोणी 'लॉगिन-ग्रेस-टाइम' शून्य करून ठेवला असेल, तर तो परत १२० करा. शून्यावर अलार्म वाजतच नाही, त्यामुळे हे भोक बंद होतं, पण लॉगिन न करता नुसती लटकलेली कनेक्शनं कधीच सुटत नाहीत. मूळ मर्यादेप्रमाणे अशी १०० साठली की तुम्हालाच आत जाता येत नाही.

स्कॅनर बहुतेक बाहेरून बॅनर (कनेक्ट होताच सर्व्हर सांगतो ती आवृत्तीची ओळ) वाचून ८.९पी१ एवढ्यावरच निकाल देतोय. ऑडिटवाल्यांना डीपीकेजीची ओळ, चेंजलॉगमधली नोंद आणि रीस्टार्टची वेळ असं तिन्ही एकाच मेलमध्ये पाठवा. तरीही शेपूट ०.१० च्या खाली निघालं तर ती ओळ इथे टाका, बहुधा पॅकेज होल्डवर (अपडेट अडवून) ठेवलेलं असेल किंवा सिक्युरिटी रिपॉझिटरी बंद असेल.