पहिला गेमिंग लॅपटॉप घेताना

सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला, आता लॅपटॉप हवाय ना? मग ऐक. दुकानदार आधी प्रोसेसरचं नाव सांगेल. तू आधी रॅम विचार, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. १६ जीबी हवीच, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीवर गेम अडखळतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग, नसेल तर जास्तच. कार्ड असेल तर त्याचे वॅट विचार, म्हणजे त्याला किती वीज मिळते ते. एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालतं, दुसऱ्यात जास्त, आणि खेळताना तो फरक स्पष्ट जाणवतो.

स्क्रीन १४४ हर्ट्झची घे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी. ६० वर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर साधारण ७. सिनेमे बघायला याचा फारसा उपयोग नाही, तिथे रंग चांगले हवेत.

आणि आपला बडोद्याचा मे महिना विसरू नकोस! पारा चाळिशी ओलांडतो. गादीवर ठेवून खेळलास तर खालच्या हवेच्या जाळ्या झाकल्या जातात, मशीन तापतं आणि स्वतःच वेग कमी करतं. दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावरच्या खोलीत मी दोन उन्हाळे हेच सोसलं. शेवटी आजीचा लाकडी पाट घेतला, त्यावर लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवला, तेव्हा कुठे गेम नीट चालला.

परीक्षेच्या महिन्यात चार्जर आईकडे देऊन टाक. मी दिला होता.