‘तक्रार नाही’ लिहून दिलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली

प्रश्न: मी कराडचा निवृत्त शिक्षक. कोल्हापूरला जाताना महामार्गावर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पंपावर माझ्या डिझेल गाडीत तिथल्या मुलाने पेट्रोल भरलं. पैसे देऊन, गाडी सुरू करून हवा भरायला बाजूला घेतली, तेवढ्यात तो पळत आला. मालकाने आपला मेकॅनिक बोलावून टाकी रिकामी केली, त्याच पैशांत डिझेल भरून दिलं आणि ‘डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं होतं, ते काढून दिलं, माझी काही तक्रार नाही’ असं लिहून सही घेतली. तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. अधिकृत सर्व्हिस सेंटरने हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर गेले म्हणून १ लाख ४६ हजारांचं एस्टिमेट दिलं आहे. पंपमालक कागद दाखवतो, विमा कंपनी हात वर करते. गाडी अजून तिथेच उभी आहे. पोलिसांत जाऊ का?

उत्तर: सर, पोलिसांत वेळ घालवू नका. फसवणुकीच्या गुन्ह्याला फसवण्याचा हेतू लागतो, मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यालाही हेतू किंवा निदान जाणीव लागते. मुलाने घाईत चुकीची नळी उचलली, यात दोन्ही नाही. हे प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाचं आहे आणि माझ्या मते तुमची बाजू चांगली आहे. ती चांगली राहील की नाही, हे मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये येत्या आठवड्यात काय होतं यावर ठरेल. त्याकडे येतोच. आधी तो कागद, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते.

सही केली म्हणजे ग्राहकाचे हात कायमचे बांधले गेले, असं नाही. विमा कंपन्या ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशा पावत्यांवर सह्या घेऊन मोकळ्या व्हायच्या. १९९९ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नुसत्या अशा पावतीने ग्राहकाचा दावा बुडत नाही. ती दिशाभूल करून किंवा दबावाखाली घेतली हे त्याने दाखवलं, तर त्याला दाद मिळू शकते. दाखवायचं तुम्हाला आहे, हे लक्षात घ्या. आणि दाखवण्यासारखं तुमच्याकडे आहे. पंपाच्या मॅनेजरचा त्याच संध्याकाळचा व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही पत्रासोबत पाठवला आहे: ‘सर टाकी पूर्ण साफ केलीय, इंजिनला काही होणार नाही, बिनधास्त चालवा.’ या भरवशावर सही झाली. गाडी निर्धोक आहे असं त्या घडीला दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या, आणि ते चूक निघालं. कराराच्या मुळाशी असलेल्या वस्तुस्थितीबद्दल दोघांचाही गैरसमज असेल तर तो करार भारतीय करार कायद्याच्या कलम २० प्रमाणे रद्दबातल ठरतो. हा मुद्दाही घ्यायचा.

शिवाय तो कागद तुमच्या बाजूनेही बोलतो. गाडीत पेट्रोल भरलं गेलं, हे त्यात पंपवाल्यानेच लिहून ठेवलं आहे. एरवी एवढं सिद्ध करायलाच सहा महिने जातात. तेव्हा ‘अशी सही मी केलीच नाही’ असं चुकूनही म्हणू नका; त्याची प्रत मागून घ्या.

आता सर्व्हिस सेंटर. पंपवाल्याचा वकील उद्या एकच प्रश्न विचारणार आहे: गाडी तीन दिवस चालली, मग बिघाड पेट्रोलनेच झाला कशावरून? कॉमन रेल इंजिनात (म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून, ‘रेल’मधून, सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या इंजिनात) हायप्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोलमध्ये तो गुण नाही. धातूवर धातू घासतो, बारीक कीस निघतो आणि तो रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो. टाकी रिकामी केली तरी गाडी सुरू झालेली असल्याने फिल्टरमध्ये आणि लाइनमध्ये पेट्रोल उरतं. तुमच्या पत्रात फिल्टर बदलल्याचा उल्लेख नाही. नसेल बदलला, तर मेकॅनिकचं काम अर्धवट झालं आणि ही पंपाची दुसरी चूक धरता येईल. हे सगळं तुम्हाला आणि मला पटून उपयोग नाही. जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, सर्व्हिस ॲडव्हायझर बहुधा ‘फ्युएल सिस्टिम प्रॉब्लेम’ असं मोघम लिहून मोकळा होतो. कारण स्पष्ट लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. फिल्टर उघडताना त्यातला कीस दिसेल असे फोटो काढा, उरलेल्या इंधनाचा नमुना बाटलीत सील करा. काढलेला पंप आणि इंजेक्टर ‘जुने पार्ट कंपनीला परत जातात’ म्हणून ठेवून घेऊ पाहतील, देऊ नका. फोटो आणि मेसेजसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितका कडक नसतो, पण समोरच्याला खुसपट काढायला जागा कशाला?

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. ‘डिझेल’ असं म्हणालो की नुसतं ‘फुल्ल करा’, हे आठवत नाही असं तुम्ही लिहिलं आहे. प्रतिज्ञापत्रातही तसंच लिहा. कोणतं इंधन, हे विचारून घेणं इंधन भरणाऱ्याचं काम आहे, आणि नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो. फार तर आयोग तुमच्याही बेसावधपणाचे थोडे पैसे कापेल. खोटं बोललात आणि फुटेजमध्ये वेगळं निघालं, तर मात्र बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

फुटेजवरून आठवलं: नोटीस लगेच पाठवा, कारण जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं. एक पंपमालकाला, एक तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, स्पीड पोस्टाने. त्या दिवसाचं सीसीटीव्ही आणि त्या नळीच्या विक्रीची नोंद जपून ठेवा, असं त्यात लिहा. तुमच्या यूपीआय मेसेजमध्ये फक्त रक्कम दिसते, पेट्रोल की डिझेल ते नाही. कंपनी म्हणेल, डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, आमचा संबंध नाही. म्हणू दे. तिला सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) करायचंच. रेकॉर्ड तिच्याकडूनही मागवता येतं.

तक्रार साताऱ्यात करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात जाता येतं, कोल्हापूरला खेटे घालायला नकोत. आयोगाची मर्यादा आणि फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुमचा मोबदला टाकीभर इंधनाचा, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइनही होतो, वकील सक्तीचा नाही (हे वकीलच सांगतोय). सामनेवाल्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. मागणीत दुरुस्ती, टोइंग, गाडी नसताना लागलेलं वाजवी भाडं, व्याज, मानसिक त्रास आणि खर्च घाला. दहा लाख मागू नका. फुगवलेला आकडा पाहिला की आयोग खऱ्या बिलाकडेही संशयाने बघू लागतो.

विमा कंपनीशी भांडण मी दुय्यम ठेवीन. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. रोडसाइड असिस्टन्स किंवा इंजिन प्रोटेक्शनचं ॲडऑन (मूळ पॉलिसीवरचं जादा संरक्षण) घेतलं असेल तर त्यातल्या अटी वाचा आणि नकार लेखी मागा.

गाडी निकालापर्यंत उभी ठेवू नका. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे, आणि पार्किंगचे पैसे नंतर कोणी देणार नाही. नोटिशीतच सात दिवसांनंतरची एक तारीख टाका: त्या दिवशी सर्व्हिस सेंटरला पंप उघडला जाईल, तुमचा माणूस पाठवा. कोणी आलं तर त्याच्यासमोर उघडा आणि त्याची सही घ्या. नाही आलं तर शेजारच्या दोघांसमोर उघडा, लिहून ठेवा आणि दुरुस्तीला सांगा.