बायोप्सी करायची की थांबायचं?

प्रश्न: आईला फिट आली म्हणून एमआरआय काढला, त्यात मेंदूत दीड सेंटीमीटरची गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणतात बायोप्सी करा, दुसरे म्हणतात 3 महिन्यांनी परत स्कॅन काढू. ऐकायचं कोणाचं?

उत्तर: खरं सांगू का, दोघंही बरोबर असू शकतात, कारण प्रश्न गाठीच्या साइजचा कमी आणि ती कुठे आहे, कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर कशी चमकते, भोवती सूज किती, याचा जास्त. बायोप्सीत कवटीला छोटं भोक पाडून सुईने तुकडा काढतात, रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, आणि कधीकधी सुई नेमकी चुकीच्या जागी लागून रिपोर्टच अर्धवट येतो. पण थांबण्यातही धोका आहेच, गाठ वेगाने वाढणारी निघाली तर ते 3 महिने फार महाग पडतात.

डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्ट काहीही आला तरी ट्रीटमेंट तीच राहणार का? बदलणार असेल तर बायोप्सीला अर्थ आहे. आणि हो, सूज कमी करायला स्टिरॉइड चालू करायच्या आधी लिम्फोमाची (हा एक प्रकारचा कॅन्सर) शंका आहे का हे नक्की विचारा, कारण स्टिरॉइडने ती गाठ आकसू शकते आणि मग कधीकधी बायोप्सीत काही सापडतच नाही (हे बरेचदा राहून जातं). थांबायचं ठरलं तर आधीच्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर काढा. मधे परत फिट, सकाळी उलटीसकट डोकेदुखी किंवा हातपाय लुळे वाटले तर तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.